तेजरामचे पाव, अर्धे, पाऊण

एकशे अठ्ठ्याऐंशी म्हटलं की तुम्हाआम्हाला काहीच आठवत नाही. कोंढ्याच्या तेजराम गजभियेला पाव आठवतो. एकशे एकोणनव्वद म्हटलं की अर्धा, आणि एकशे नव्वद म्हटलं की पाऊण. डाव्या हाताच्या अंगठ्यानं ऑल्टचं बटण दाबून धरायचं, उजव्या हातानं आधी शून्य आणि मग हा आकडा मारायचा. अंगठा उचलला की वर-खाली नीट बसवलेला, मधे तिरकी रेघ असलेला इवलासा अपूर्णांक पडद्यावर उभा. तापमानाच्या अंशाचं टिंब एकशे शहात्तर, गुणाकाराची फुली दोनशे पंधरा, भागाकाराचं चिन्ह दोनशे सत्तेचाळीस. असे साठ-सत्तर आकडे या माणसाच्या डोक्यात आहेत. स्वतःचा मोबाईल नंबर विचारला, तर मात्र तो खिशातून कार्ड काढून वाचून दाखवतो.

कोंढ्याच्या चौकात त्याचं 'प्रज्ञा झेरॉक्स व डीटीपी' नावाचं एका शटरचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीच्या चिठ्ठ्या, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, शाळांचे पेपर, नाटकांची पत्रकं, सगळं तिथंच होतं. तेजराम भंडाऱ्याला टाइपरायटिंग शिकला आणि मग नागपुरात महालातल्या एका छापखान्यात चार वर्षं पेजमेकर या सॉफ्टवेअरवर बसला. तिथल्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं भिंतीवर या आकड्यांचा तक्ता लावला होता. बघायला मुभा होती, लिहून घ्यायला नव्हती. कुणी कागद-पेन काढला की म्हातारा तक्ता उलटा करायचा. तेजरामनं मग चहाच्या सुट्टीत रोज पाच आकडे पाठ केले. दोन आठवड्यांत म्हाताऱ्याचा सगळा तक्ता त्याच्या डोक्यात उतरला, आणि म्हाताऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, हे त्याच्याच तोंडून ऐकावं. त्याचा मराठी फॉन्ट जुना आहे, आणि त्या फॉन्टमध्ये याच आकड्यांच्या जागी अर्धी अक्षरं आणि मात्रा बसलेल्या आहेत. म्हणजे एका पावासाठी आधी इंग्रजी फॉन्टमध्ये जायचं, पाव टाकायचा आणि परत मराठीत यायचं. एकदा घाईत त्यानं चौथीच्या गणिताचा आख्खा पेपर निवडून त्याला मराठी फॉन्ट लावला, आणि सगळ्या अपूर्णांकांची अर्धी अक्षरं झाली. पवनीच्या जंगलात वाघ समोर आल्याची गोष्ट लोक जशी रंगवून सांगतात, तशी तो ही गोष्ट सांगतो.

अर्धा लिहायला एक, मग काठी, मग दोन, असं सरळ टाइप करणारे ऑपरेटर त्याला मनापासून आवडत नाहीत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये चिन्हांची खिडकी उघडून माऊसनं बोट ठेवता येतं, हे त्याला माहीत आहे. पण ते त्याला शेजाऱ्याकडून मीठ मागितल्यासारखं वाटतं. लाखनीचा एक पत्रिकावाला दर महिन्या-दोन महिन्यांनी फोन करून त्याला कुठल्यातरी चिन्हाचा आकडा विचारतो. फोन आला की तेजराम मुद्दाम स्पीकर लावतो, म्हणजे झेरॉक्सला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जावं. एवढी हौस कुणालाही माफ असावी.

त्याच्या बायकोला, रत्नमालाला, या आकड्यांचं काडीचंही कौतुक नाही. ती शिलाई करते. तेजराम नागपुरात तक्ता पाठ करत होता तेव्हा घर तिच्या मशीनवर चाललं, आणि दुकानातला पहिला कॉम्प्युटरही त्याच मशीनवर उभा राहिला. ती शिलाई तिला शिकवली आसगावच्या गुणाबाई वलथरेंनी. म्हणून तेजराम गुणाबाईंना आपली काहीतरी लागत असलेली बाई समजतो. नातं कोणतं, ते त्यानं कधी ठरवलं नाही. सगळ्या पोरी म्हणतात म्हणून तोही त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो.

गुणाबाईंचं घर ढिवरांचं. नवरा तळ्यात मासे धरायचा आणि बाई घरी जाळं विणायच्या. पुढं त्या कुठूनशी शिलाई शिकल्या आणि ओसरीवर एक मशीन टाकून पोरींना शिकवायला बसल्या. त्याला एकतीस वर्षं झाली. शाळा दुसरीपर्यंत. वाचायला लावलं तर अक्षराला अक्षर जोडत वाचतात, पण मापाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा आमच्या पट्ट्यात कुणी नाही. दारातून पोरगी आत आली की तिच्या खांद्यावर नजर टाकून "पावणेसात" म्हणणार, आणि टेप लावली तर पावणेसातच. शिकवणं सगळं तोंडी. पोरीचा हात धरायचा, खडू धरायला लावायचा आणि सांगत राहायचं. वही नाही, फळा नाही.

त्या गुणाबाई आता आसगाव सोडून जाणार होत्या. मुलगा लिलाधर पुण्याकडे चाकणला कंपनीत आहे. सुनेनं नोकरी धरली आणि तीन वर्षांच्या नातीजवळ कुणी राहिलं नाही. नात रोज फोनवर एकच विचारायची, आजी कधी येते म्हणून. दोन वर्षं टाळत आलेल्या बाई शेवटी हो म्हणाल्या. लिलाधरनं तिकीट काढलं. पण ओसरीवर सात पोरी अर्ध्या शिकून बसल्या होत्या, आणि त्यांना असंच सोडून जायला बाईंचं मन घेईना. तेव्हा रत्नमालानं सुचवलं, की बाईंची सगळी कटिंग एका पुस्तकात उतरवावी. बाईंनी ते लगेच मनावर घेतलं. पुस्तक झालं तरच मी जाणार, असं त्यांनी मुलाला फोनवर सांगून टाकलं.

मग पंधरा-वीस दिवस त्या दुपारच्या ऑटोनं कोंढ्याला येत आणि तेजरामच्या खुर्चीशेजारी बसून सांगत. परकर, कुर्ता, सलवार, साधा ब्लाउज, कटोरीचा ब्लाउज. छातीचा चौथा हिस्सा साडेआठ, मुंढा पावणेसहा, गळा रुंद अडीच, खोल साडेसहा. मुंढा म्हणजे बाही जिथं जोडली जाते तो गोल काप. ब्लाउजचा सगळा जीव तिथं असतो, असं बाई म्हणत. तेजराम आयुष्यभर पत्रिकांमधल्या साडेअकराच्या मुहूर्तांवर दिवस काढत आलेला माणूस. त्याच्यापुढे अपूर्णांकांचा पूरच आला. पानापानावर पाव, अर्धे, पाऊण. त्यानं एकही अपूर्णांक काठी टाकून लिहिला नाही. प्रत्येकासाठी इंग्रजीत गेला, ऑल्ट दाबला, आकडा मारला, मराठीत परत आला. पुस्तक संपल्यावर त्यानं मोजले, तर चारशे बारा भरले. हे त्यानं रत्नमालाला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, की पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

प्रूफ तपासायची बाईंची तऱ्हा वेगळी होती. कागद हातात घेऊन वाचणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि जे स्वतः तपासलं नाही ते छापू द्यायला त्या तयार नव्हत्या. म्हणून त्या दुकानाच्या फरशीवर जुने पेपर पसरून बसल्या. तेजराम पडद्यावरून एकेक माप वाचायचा, बाई टेप लावून खूण करायच्या आणि कात्रीनं कापायच्या. कापलेला तुकडा घरून आणलेल्या आपल्या जाड कागदाच्या फर्म्यावर ठेवायच्या. काठाला काठ लागला की मान हलवायच्या, मग पुढचं पान. चार दुपारी हे चाललं. झेरॉक्सला आलेले लोक कात्रणांवरून पाय उचलून जात. चाळीस पानांतलं एकही माप चुकलेलं निघालं नाही. एवढं कसून तपासलेलं पुस्तक, तेजराम सांगायचा, भंडारा जिल्ह्यात दुसरं नसेल. शंभर प्रती त्यानं आपल्याच मशीनवर काढल्या, पिना मारल्या आणि बाईंच्या ओसरीवर नेऊन पोचवल्या.

आठ दिवसांनी तृप्ती दुकानात आली. तृप्ती म्हणजे बाईंच्या सात पोरींपैकी सगळ्यांत चटपटीत. बारावी झालेली, पुढं हेच काम करायचं ठरवलेली. बाईंनंतर आसगावात वर्ग चालवलाच तर हीच चालवेल, असं बाईंनीच बोलून दाखवलं होतं. ती कुर्त्यापर्यंत शिकली होती. ब्लाउज राहिला होता, तो तिनं पुस्तकावरून शिवून पाहिला. मोठ्या बहिणीसाठी, चौतीसच्या मापाचा. पिशवीतून तो काढून तिनं काउंटरवर ठेवला आणि खाली मान घालून सांगितलं, की दिसायला चांगला झाला, पण बहिणीचा हात वर होत नाही. तिला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं.

रत्नमाला तेव्हा दुकानातच होती. तिनं ब्लाउज उलटा केला, मुंढ्याला टेप लावली आणि तृप्तीला विचारलं, इथं किती घेतलंस. तृप्ती म्हणाली, पाच आणि एक बटा चार. बाई तर पावणेसहा सांगतात, रत्नमाला म्हणाली. तृप्तीनं पुस्तकाचं पान उघडून पुढं केलं. रत्नमालानं चष्मा लावला, पुस्तक लांब धरलं, जवळ आणलं, आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "सव्वापाचच हाये."

तेजरामनं पुस्तक ओढून घेतलं. त्याला ते पावणेसहा दिसलं, कारण ते पावणेसहा आहे हे त्याला माहीत होतं. मग त्यानं भिंग लावलं. दहा पॉइंटच्या अक्षरात अपूर्णांकातला आकडा मुंगीएवढा होतो. झेरॉक्समध्ये तिनाचं पोट शाईनं भरून काळं झालं होतं आणि त्याचा एक झाला होता. पाव कुठला आणि पाऊण कुठला, हे या पानावर ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यानं पुढचं पान बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. चारशे बारांपैकी पावांचा आणि पाऊणांचा सगळा तोच घोळ होता. फक्त अर्धे तेवढे शाबूत होते.

चार दुपारी काय झालं होतं, ते त्याला आता कळलं. तो पडद्यावर पान चौपट मोठं करून वाचत होता. बाई कानानं ऐकत होत्या. बाईंनी जे कापून तपासलं तो तेजरामचा आवाज होता. छापलेला कागद त्या दोघांपैकी कुणीच वाचला नव्हता. आणि पुस्तक तर नेमकं अशा दिवसांसाठी केलेलं, जेव्हा पोरीजवळ ना बाई असतील ना तेजराम. त्याला इतकी लाज वाटली, की त्या दुपारी त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं.

संध्याकाळी नवराबायको गाडीवर आसगावला गेले. तेजरामनं ओसरीवर उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गुणाबाईंनी तृप्तीचा ब्लाउज मांडीवर घेतला आणि मुंढ्यावरून अंगठा फिरवला. रागावल्या असत्या तर तेजरामला बरं वाटलं असतं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, की लिलाधरला फोन करून तिकीट रद्द करायला सांगते. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालच्या पोरीनं कापड वाया घालवलं नाही, आता जाताजाता हे नको.

"पोरीचा हात धरून शिकवा लागते गा," त्या म्हणाल्या. "कागदाच्यानं होत नाही ते."

रत्नमालाचा चेहरा एकदम उजळला. बाई राहणार, हे तिच्या तोंडावर इतकं स्वच्छ उमटलं की तेजरामला ते बघवेना. त्याच वेळी बाईंचा फोन वाजला. नात होती. बाई तिच्याशी खोटं बोलल्या, की येते, येते, सामान भरून राहिली. तेजरामनं ते ऐकलं. तो बाईंना म्हणाला, "तिकीट राहू द्या, बाई. मले दहा दिवस द्या."

रस्त्यानं येताना रत्नमाला मागे तोंड फिरवून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून तृप्ती दुकानात येऊन बसू लागली. तेजराम माप लिहून देई आणि ती टेपवर दाखवी. आधी त्यानं अपूर्णांक मोठे केले. ओळी वेड्यावाकड्या झाल्या, आकृत्यांच्या रेघांवर आकडे मावेनात, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की तिनाचं पोट पुन्हा काळं. पोरी एकमेकींच्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढणार, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? मग त्यानं अक्षरात लिहून बघितलं. 'पावणेसहा' वाचून तृप्तीनं सहाच्या पुढं पावावर बोट ठेवलं. तिच्या पिढीला पावणे आणि सव्वा सारखेच परके. बाई हात धरून दाखवत, म्हणून आजवर निभावलं. मग पाच पूर्णांक पंच्याहत्तर शतांश लिहिलं. ती टेपवर पंच्याहत्तर शोधू लागली. तेजरामनं कपाळाला हात लावला, आणि तिला नाही, स्वतःलाच दोन शब्द सुनावले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं काही लिहूनच दिलं नाही. तिला नुसतं विचारलं, की बाई जेव्हा पावणेसहा म्हणून हात धरतात आणि तुझी खूण बरोबर पडते, तेव्हा तुझा हात नेमकं काय करतो. तृप्तीला सांगता येईना. तिनं टेप काढली, पाचावर नख ठेवलं, आणि बारीक रेघा सोडून तीन लांब रेघांवरून नख टुणटुण पुढं नेलं. एक, दोन, तीन. थांबली. तिला पाऊण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पाचाच्या पुढच्या तीन रेघा तेवढ्या ठाऊक होत्या. पाव म्हणजे एक रेघ, अर्धा म्हणजे दोन.

तेजराम तिच्या नखाकडे बघत राहिला.

जुन्या कागदपत्रांत पाव-अर्धा-पाऊण अशाच उभ्या रेघांनी लिहायची रीत होती, हे एका निवृत्त तलाठ्यानं त्याला पुष्कळ नंतर सांगितलं. तेजरामनं ते तृप्तीच्या नखावरून उचललं. पेजमेकरमधल्या रेघेच्या अवजारानं त्यानं टेपचा एक छोटा तुकडा काढला: खाली आडवी रेघ, तिच्यावर एक उभी जाड रेघ. दुसऱ्या तुकड्यावर दोन. तिसऱ्यावर तीन. पाचाच्या आकड्यापुढं तिसरा तुकडा चिकटवला, की पावणेसहा. या चिन्हांना कुठलाही आकडा नव्हता. ती म्हाताऱ्याच्या तक्त्यात नव्हती, फॉन्टमध्ये नव्हती, ऑल्ट दाबून उमटणारी नव्हती. प्रत्येक ठिकाणी हातानं नेऊन ठेवायची आणि माऊसनं ढकलत ढकलत ओळीत बसवायची. ज्या माणसानं माऊसला हात लावणं म्हणजे मीठ मागणं मानलं, तो पाच-सहा दिवस माऊसच ढकलत बसला. चारशे बारा जागा. आधीचा सुरेख अपूर्णांक पुसताना पहिल्या पाच-दहा वेळा त्याला खरंच वाईट वाटलं. पुढं सवय झाली.

तपासायचं मात्र त्यानं आपल्या धंद्याच्या पद्धतीनं तपासलं. पान छापलं, त्याची झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा. पाचव्या पिढीला अक्षरं फुटली, आकृतीतली बाई भुतासारखी दिसू लागली, तरी तीन रेघा तीनच राहिल्या. तेव्हा तो रत्नमालाला म्हणाला, की आता बाईंना दाखवू. रत्नमाला इतके दिवस या कामापासून फटकून होती. तिनं ते पाचव्या पिढीचं पान घेतलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाली, "दाखवू. पण या बारीनं तुमी वाचाचं नाही. अन् बाईनं बोलाचं नाही."

दहाव्या दिवशी सकाळी आसगावच्या ओसरीवर चटई टाकली गेली. बाईंनी जुने पेपर बाजूला सारले आणि पेटीतून सुनेनं पाठवलेला नवाकोरा ब्लाउजपीस काढला. पेपर कुणीही कापतं, हात थरथरतो तो कापडावर, असं त्यांचं म्हणणं. तृप्ती समोर बसली. तिच्यापुढं पुस्तक, टेप, खडू, कात्री आणि चौतीसचं तेच पान. रत्नमालानं दोघांना नियम पुन्हा ऐकवला. गुणाबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं, म्हणजे तोंडातून काही निसटायला नको. तेजराम हाताची घडी घालून खांबाला टेकला.

तृप्तीनं कापडाची घडी घातली. उंची घेतली. छातीचा चौथा हिस्सा, आठ आणि दोन रेघा. खूण केली. बाईंची नजर खडूच्या टोकावरून हलत नव्हती, आणि मान आपोआप होकार देऊ लागली तेव्हा रत्नमालानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. खांदा झाला. गळा झाला. मुंढ्याशी तृप्ती थांबली. तिनं पुस्तकाकडे बघितलं नाही. सवयीनं मान वर केली आणि बाईंकडे बघितलं, जसं ती दीड वर्ष बघत आली होती.

एवढी वर्षं अशी मान वर झाली की बाईंच्या तोंडून माप बाहेर पडायचं. आता बाईंनी पदर आणखी घट्ट चावला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली तेजरामला दिसली. पोरीचं तोंड उतरलं. मग तिनं खाली बघितलं, पानावर बोट ठेवलं, टेप उचलली आणि पाचावरून नख पुढं नेलं. एक, दोन, तीन. खूण झाली. मग मुंढ्याचा गोल काढला, आणि कात्री चालली.

रत्नमालानं कापलेला तुकडा उचलला आणि बाईंच्या जाड कागदाच्या फर्म्यावर ठेवला. वरून हात फिरवला. काठाला काठ लागला. मुंढ्याचा गोल मुंढ्याच्या गोलावर बसला. तृप्ती हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ओसरीवर दुसरं कुणीच हसत नाहीये.

गुणाबाईंनी दातांतला पदर सोडला. तो ओला झाला होता, आणि त्यांनी त्यानंच डोळे पुसले. फर्म्यावरचा तो तुकडा त्यांनी दोनदा उलटून बघितला. म्हणाल्या, "माह्या मनात होतं, चुकावं म्हणून."

तेजराम खांबाशी तसाच उभा होता. दहा दिवस त्यानं जीव ओतला होता तो हे चुकू नये म्हणून, आणि तृप्तीनं मान वर केली तेव्हा त्याच्याही मनात तेच आलं होतं: चुकावं, तिकीट रद्द व्हावं, बाईंनी इथंच राहावं. तो हे लपवू शकला असता. त्यानं लपवलं नाही. आपल्याही मनात तेच होतं, असं तो म्हणाला. रत्नमालानं त्याच्याकडे बघितलं, आणि दहा दिवसांचा तिचा राग तिथंच संपला.

"मंग काहून एवढं बरोबर केलंस गा?" गुणाबाईंनी विचारलं.

तेजरामनं बाईंच्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "तुमचं होतं म्हणून, बाई."

फर्मा बाईंनी नीट उचलून बाजूला ठेवला. तृप्ती कात्री हातात धरून त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. बाही अजून कापायची होती, आणि तिला बाहीचं माप हवं होतं. गुणाबाईंच्या ओठांवर ते आलंही असेल. त्यांनी ते गिळलं, आणि पुस्तक बोटानं तिच्याकडे सरकवलं.

"माह्याकडं नको पाहू," त्या म्हणाल्या. "पान पलट."